ओसाड नांवांचा इजारा

वऱ्हाडांत आसेगांव एकच नाहीं. वाशीम जिल्ह्यांत मंगरूळपीर तालुक्यांत एक आहे; त्याच जिल्ह्यांत रिसोडच्या बाजूस आसेगांव पेन आहे; आणि अमरावती जिल्ह्यांत, चांदूर बाजार तालुक्यांत, आसेगांव पूर्णा आहे. नांव सारखें म्हणून या गांवांत कधीं तंटा उपस्थित झाल्याचें ऐकिवांत नाहीं. लोकांनीं एखादें उपपद मागें जोडलें, आणि टपाल व पाहुणे दोन्हीं बिनचूक पोंचूं लागले. गांवाच्या नांवास मालक नसतो ही कल्पना आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, नांवास मालक असतो, मालकीची मुदत असते, आणि ती चुकली तर नांव बाजारांत येतें, असें कोणी सांगितल्यास प्रथम तो विनोदच वाटावा. इंटरनेटवरील पत्त्यांची, म्हणजे ज्यांस डोमेन म्हणतात त्या नांवांची, व्यवस्था मात्र नेमकी अशीच आहे. तींतील मुदत सरलेल्या नांवांचा व्यापार वऱ्हाडचा इतिहास जाणणारास अगदींच अनोळखी वाटणार नाहीं.

आपल्या महसुली दफ्तरांत 'बेचिराख' असा एक शब्द आढळतो. जेथें दिवा लागत नाहीं तें गांव बेचिराख. दुष्काळानें व लुटालुटीनें माणसें उठून गेलीं, घरें पडलीं, पांढरीवर बाभळी वाढल्या. पण गांवाचें नांव, शीव आणि नोंद तेवढी राहिली. अशा जागेस वऱ्हाडांत रीठ म्हणतात. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आल्यावर, १८६५ च्या पडीत जमिनींच्या नियमांन्वयें अशीं ओसाड गांवेंच्या गांवें मुदतीच्या करारानें इजाऱ्यास देण्यांत आलीं. यवतमाळकडील कित्येक गांवांच्या नांवांस 'इजारा' हें उपपद अजून लागतें, तें या व्यवहाराचीच खूण होय. इजारदारास नांव आयतें मिळे, शीव आयती मिळे. परंतु जमीन लागवडीस आणावी हा त्या देण्यामागील हेतु होता, हें विसरूं नये.

आतां नव्या मुलखाकडे वळूं. 'डॉट कॉम' या वर्गांतील पहिलें नांव, 'सिंबॉलिक्स', १५ मार्च १९८५ रोजीं नोंदलें गेलें. पुढें दहा वर्षें नोंदणीस पैसा पडत नसे. १९९५ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीनें दोन वर्षांस १०० डॉलर असा आकार सुरू केला. आणि ज्या दिवशीं नांवास भाडें लागलें त्या दिवशींच तें थकण्याचीही सोय झाली. थकबाकी थोरामोठ्यांचीही राहते. १९९९ च्या नाताळांत मायक्रोसॉफ्टच्या 'पासपोर्ट डॉट कॉम' या नांवाचे पैसे भरावयाचे राहून गेले आणि हॉटमेलच्या कित्येक ग्राहकांस आपली टपालपेटी उघडेना. शेवटीं मायकेल चॅनी नांवाच्या एका त्रयस्थ संगणकतज्ज्ञानें पदरचे ३५ डॉलर भरून त्या धनाढ्य कंपनीची सुटका केली!

'डॉट कॉम'चें नांव मुदत संपतांच हातचें जातें असें नाहीं. नोंदणी करणारी पेढी तें ४५ दिवसांपर्यंत पूर्वीच्या मालकासाठीं राखूं शकते. तेथून सुटल्यावर ३० दिवस जादा आकार भरून सोडवून घेतां येतें. मग ५ दिवस तें कोणासच मिळत नाहीं, आणि त्यानंतर सर्वांस मोकळें होतें. हा झाला नियम. व्यवहारांत चांगलें नांव मोकळें होण्यापूर्वींच पेढ्या त्याचा लिलाव करतात, आणि चुकून सुटलेंच तर तें क्षणार्धांत टिपण्यास यंत्रें टपून बसलेलीं असतात.

रिकाम्या नांवास एवढें मोल कां यावें? १९९८ मध्यें लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनीं जी शोधपद्धति मांडली तींत याचें उत्तर आहे. एखाद्या पानाकडे दुसऱ्या किती व कोणत्या पानांनीं बोट दाखविलें आहे, यावरून त्याची योग्यता ठरवावी, हें तिचें तत्त्व. एखाद्या शाळेच्या, मंडळाच्या किंवा मासिकाच्या संकेतस्थळाकडे वर्षानुवर्षें लोकांनीं बोटें दाखविलेलीं असतात. संस्था मिटते, बोटें मात्र रोखलेलींच राहतात. विकत घेणारा पैसे मोजतो ते त्या बोटांचे.

असे सगळेच लबाड असतात असें म्हणणें अन्यायाचें होईल. नवें संकेतस्थळ उभारणारास सुटसुटीत नांव हवें असतें, आणि तशीं कोरीं नांवें आतां फार थोडीं उरलीं आहेत. इंटरनेट आर्काइव्हच्या संग्रहांत जुनीं पानें पाहून, त्या जागीं पूर्वी काय नांदत होतें याची चौकशी करून जो नांव घेतो आणि तेथें स्वतःच्या कष्टाचें पीक काढतो, त्यास जुन्या इजारदाराचा वारस म्हणावयास माझी हरकत नाहीं. पण दुसरी तऱ्हा पाहा. 'द हेअरपिन' हें स्त्रियांनीं चालविलेलें अमेरिकन संकेतस्थळ २०१८ मध्यें बंद झालें. पुढें त्याचें नांव सर्बियांतील एका गृहस्थानें घेतलें आणि तेथें यंत्राकडून लिहविलेला मजकूर भरला. जुने लोकप्रिय लेख त्यानें ठेवले, परंतु त्यांवरील लेखिकांचीं नांवें पुसून तेथें पुरुषांचीं नांवें घातलीं. २०२४ च्या आरंभीं हा प्रकार उजेडांत आला. मासिकाच्या वाचकांस याहून अधिक कांहीं सांगावयास नको. त्याच वर्षाच्या मार्चांत गूगलनें जुन्या नांवांच्या पुण्याईवर निकस मजकूर खपविणें हा आपल्या नियमांचा भंग ठरविला. पण हा एका शोधयंत्राचा नियम झाला, कायदा नव्हे.

कायदा जिवंत नांवास जपतो. 'रेडिफ'च्या पावलावर पाऊल टाकून 'रॅडिफ' निघालें तेव्हां १९९९ मध्यें मुंबईच्या उच्च न्यायालयानें तें अडविलें. आणि २००४ मध्यें सत्यम इन्फोवेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें डोमेनसही व्यापारचिन्हाप्रमाणें संरक्षण मिळूं शकतें असें ठरविलें. परंतु हे दोन्ही दावे ज्यांची पेढी चालू होती त्यांचे. विसर्जित मंडळाच्या किंवा बंद पडलेल्या मासिकाच्या वतीनें न्यायालयाची पायरी चढणार कोण?

२७ ऑगस्ट २०१४ पासून 'डॉट भारत' या वर्गांत देवनागरी नांवेंही नोंदतां येऊं लागलीं. त्या वर्गांतही 'आसेगांव' हें नांव त्याच अक्षरांनीं एकदांच नोंदतां येतें. तें मंगरूळपीरचें, पेनचें कीं पूर्णेचें, हा प्रश्न नोंदणीच्या पेढीस पडत नाहीं. आधीं पैसे कोणीं भरले, आणि मुदत सरतांना पुन्हां भरले कीं नाहीं, एवढेंच ती पाहते.