टिळकवाडी : आपल्या लोकांचे शहरातले घर

जांबोटी, कणकुंबी भागातून बेळगावला येणारा माणूस किणये, पिरनवाडी, उद्यमबाग करीत तिसऱ्या रेल्वे गेटापाशी पोहोचतो आणि तिथून टिळकवाडी सुरू होते. शिक्षणासाठी, नोकरीसाठी शहरात आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांनी इथेच बिऱ्हाड केले व पुढे घर बांधले. नव्या पिढीला या वसाहतीची ओळख असावी, म्हणून ही माहिती देत आहोत.

नाव आणि रचना

जुने लोक या भागाला ठळकवाडी म्हणत. ठळकवाडी हायस्कूलच्या नावात ते आजही टिकून आहे. किल्ला आणि जुन्या गल्ल्यांचे बेळगाव उत्तरेला, तर टिळकवाडी दक्षिणेला. गल्ल्यांत भिंतीला भिंत लागून घरे, इथे मात्र सरळ रस्ते, अंगण, आंबा-फणस आणि मागे विहीर. सोमवार पेठ, मंगळवार पेठ, गुरुवार पेठ, शुक्रवार पेठ अशी वारांची नावे, शिवाय आगरकर रोड, रॉय रोड, देशमुख रोड. पत्ता सांगताना मात्र आपण अजून पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट असेच सांगतो.

१९२४ चे अधिवेशन

डिसेंबर १९२४ मध्ये राष्ट्रीय सभेचे ३९ वे अधिवेशन या परिसरात भरले. महात्मा गांधी अध्यक्ष झाले ते हे एकमेव अधिवेशन. व्यवस्थेची धुरा गंगाधरराव देशपांडे यांच्याकडे होती. अधिवेशनाच्या नगराला 'विजयनगर' हे नाव दिले होते. पाण्यासाठी विहीर खोदली, तीच आजची काँग्रेस विहीर. शेजारचा काँग्रेस रोड आणि वीरसौध हे स्मारक त्याच आठवणीचे. पुढे थोर गायिका झालेल्या गंगूबाई हंगल लहान वयात या अधिवेशनात गायल्या होत्या.

शिक्षण आणि साहित्य

राणी पार्वतीदेवी महाविद्यालय म्हणजे आपले आरपीडी. पु. ल. देशपांडे यांनी काही काळ इथे अध्यापन केले. त्यांचे 'रावसाहेब' हे बेळगावचेच. कवयित्री इंदिरा संत यांचे दीर्घ वास्तव्य बेळगावातच होते. वाणिज्य शाखेसाठी गोगटे महाविद्यालय आहे, नाट्यप्रेमींसाठी वरेरकर नाट्य संघ आहे.

सोयी

दवाखाने, बँका, भाजी, किराणा, औषधे हे सारे पायी जाण्याच्या अंतरावर मिळते. सकाळी फिरायला व्हॅक्सिन डेपोची झाडी, मुलांना खेळायला लेले मैदान. गोवावेस जवळ असल्याने शहापूर, वडगावची बाजारपेठही हाताशी. अडचण वाहतुकीची आहे. गेट पडले की रांगा लागतात, त्यामुळे ज्येष्ठांनी दवाखान्याची वेळ थोडी आधीची धरावी.

बदल आणि आपली जबाबदारी

अंगणाची घरे जाऊन अपार्टमेंट उभी राहत आहेत. मुले पुणे, बंगळूर किंवा परदेशात, आणि इथे दोन वृद्ध व कुलूप लावलेल्या तीन खोल्या, असे चित्र आपल्या बऱ्याच घरांत दिसते. मराठी माध्यमाच्या वर्गांचा पटही घटला आहे. घर विकणे ही कोणाची चूक नव्हे. परंतु पुरेशी चर्चा न होता घर गेले की भावंडांची तोंडे फिरतात, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

आम्ही नोकरीतल्या सवयीने एवढेच सुचवू. बँकेतल्या ठेवीला नॉमिनी लावता येतो, पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. घराला तर नॉमिनीच नसतो. म्हणून मृत्युपत्र वेळेवर करावे, सिटी सर्व्हेचा उतारा व घरपट्टीच्या पावत्या एका फाईलीत ठेवाव्यात आणि ती फाईल कुठे आहे हे मुला-मुलींना, सुनांनाही सांगावे. बिल्डरशी बोलण्याआधी सर्व भावंडांनी एकदा त्याच ओसरीवर बसावे. नवी इमारत झालीच तर विहीर बुजवू नये आणि एखादे झाड राखावे.

गावाकडच्या नातेवाइकाला शहरात रात्री हक्काने दार वाजवता येईल असे घर असावे, म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी इथे घरे बांधली. पुढे घर फ्लॅटचे असो वा बंगल्याचे, ते दार उघडे राहावे, हीच अपेक्षा.