दौलत आणि खासगी : होळकर घराण्यातील एका वारशाची कथा

घरातील कर्ता माणूस निवर्तला म्हणजे तेराव्या दिवसापर्यंत सारे आप्त एका पंक्तीस बसतात. त्यानंतर कागदांची पेटी उघडते, आणि सातबाऱ्यावर कोणाची नावे चढावयाची, वाटणीपत्र कधी झाले होते, देवाच्या नावे ठेवलेले दोन बिघे कोणाचे, असे प्रश्न एकामागून एक बाहेर पडतात. सावेडीच्या ज्ञातिबांधवांस हे नवे सांगावयास नको. सावेडी हे एके काळी नगरच्या वेशीबाहेरचे शेतीचे गाव होते. मनमाड रस्त्यालगतची शेते गुंठ्यांच्या हिशेबाने मोजली जाऊ लागल्यापासून या प्रश्नांना जी धार आली, ती ज्याने त्याने आपापल्या भावकीत अनुभवली आहे. त्यातही धर्मादायासाठी वेगळे काढलेले धन आणि वारसांत वाटावयाचे धन यांची सरमिसळ झाली म्हणजे तंटा लवकर मिटत नाही.

या विषयावर कायद्याची पोथी उघडण्याऐवजी, आपल्याच जिल्ह्याच्या एका कन्येने हा प्रश्न कसा हाताळला आणि तिच्या पश्चात सव्वादोनशे वर्षांनी तो पुन्हा न्यायासनापुढे कसा आला, हे पाहणे अधिक उपयोगाचे होईल. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांची ही कथा आहे. त्यांचे घाट आणि देवळे सर्वांना ठाऊक आहेत. पण त्या घाटांचा पैसा कोणत्या पेटीतून आला, हे फारसे कोणी विचारीत नाही.

मल्हारराव होळकरांच्या संपत्तीचे दोन भाग होते. एक दौलत, म्हणजे पेशव्यांच्या सेवेबद्दल मिळालेला सरंजाम; त्यावर फौज पोसावयाची, स्वारीस जावयाचे आणि सरकारास हिशेब द्यावयाचा. दुसरी खासगी. १७३४ साली थोरल्या बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे काही महाल व गावे स्वतंत्रपणे लावून दिली, तिच्यापासून ही खासगी निघाली. लढाईत जय येवो वा पराजय, सरदारी राहो वा जावो, घरच्या बायकामाणसांस व कुळधर्मास आधार असावा, हा तिचा हेतू. ही मिळकत पुरुषाच्या नव्हे, स्त्रीच्या नावे होती. आणि गौतमाबाईंच्या निधनानंतर ती सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. सासूकडून सुनेकडे जाणारा असा स्वतंत्र वारसा त्या काळच्या सरदारघराण्यांत विचार करण्याजोगा आहे.

आता मृत्यूंची ओळ पाहावी. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव पडले. १७६६ साली मल्हारराव आलमपूर येथे निवर्तले. सरदारी नातू मालेराव याच्याकडे गेली, आणि वर्ष पुरे होण्यापूर्वीच, १७६७ साली, तोही गेला. बारा-तेरा वर्षांत पती, सासरा आणि पुत्र! घरात सत्ता चालवील असा पुरुष उरला नाही. येथेच भाऊबंदकीपेक्षाही कठीण असा एक पेच उभा राहिला, कारण हक्क सांगणारा पुढे आला तो भाऊबंद नव्हता. घरचाच कारभारी होता.

दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सल्ला दिला, की बाईंनी एखादे लहान मूल दत्तक घ्यावे, स्वतःस नेमणूक घेऊन स्वस्थ राहावे आणि कारभार दिवाणाने पाहावा. वरवर पाहता सल्ला शास्त्राला धरून होता. निपुत्रिक घराण्यात दत्तक घेणे ही रूढच रीत. परंतु मूल लहान असले म्हणजे त्याच्या नावाने सही करणारा हाच खरा मालक होतो, हे अहिल्याबाईंनी तत्काळ ओळखले. त्यांचे उत्तर थोडक्यात असे : शेवटच्या दोन वारसांपैकी एकाची मी पत्नी आणि दुसऱ्याची माता, दत्तक घ्यावा की न घ्यावा, आणि सरदारी कोणी चालवावी, हे ठरविण्याचा अधिकार माझाच. चंद्रचूडांनी राघोबादादांस आपल्या बाजूस वळविले आणि दादा फौजेनिशी माळव्यात उतरले. बाईंनी तयारी आरंभिली, इतर मराठी सरदारांस पत्रे धाडली आणि मुख्य म्हणजे खुद्द माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. स्त्रीवर जय मिळविल्याने कीर्ती नाही आणि पराभव झाल्यास नामुष्की मात्र पदरी, असा निरोप त्यांनी दादांस पाठविल्याची कथा सांगतात. निरोपाचे शब्द कोणतेही असोत, निकाल माधवरावांच्या आज्ञेने लागला : चुलत्याने हात आवरावा, होळकरांच्या घरात बाईंचा शब्द प्रमाण. तलवारीची भाषा झाली खरी. पण तंटा मिटला तो वरिष्ठाकडे वेळेवर गेलेल्या अर्जाने. आमच्या मते या प्रकरणातील हाच भाग अधिक लक्षात ठेवण्यासारखा आहे, जरी कीर्तनकारांस पहिला अधिक आवडतो.

पुढची पायरी त्याहून शहाणपणाची. फौजेसाठी पुरुष हवा होता. अहिल्याबाईंनी तुकोजी होळकरांची निवड केली. ते जवळच्या नात्यातले नव्हते, पण मल्हाररावांच्या हाताखाली तयार झालेले विश्वासू सेनानी होते. त्यांनी आपणांस मल्हाररावांचा पुत्र म्हणवावे, फौज सांभाळावी, स्वाऱ्या कराव्या; महेश्वरी बसून मुलखाचा कारभार बाई पाहतील. अशी वाटणी जवळजवळ तीस वर्षे चालली. ती निर्वेध चालली असे मात्र समजू नये. दूरच्या स्वारीत पैसा नेहमी अपुरा पडे, तुकोजींची मागणी महेश्वरास येई आणि हिशेबावरून उभयतांत कुरबुरी होत. खासगीचा खजिना वेगळा आहे, त्यातून फौजेची तूट भरावयाची नाही, यावर बाई अडून राहत. त्या खजिन्यावर तुळशीपत्र ठेवून त्यांनी तो धर्मार्थ सोडला, अशी आख्यायिका आहे. काशी विश्वेश्वराचे देऊळ, गयेचे विष्णुपद, महेश्वरचे घाट, हरिद्वार, नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणची कामे ही या वेगळ्या पेटीची फळे होत. राज्याच्या महसुलास हात न लावता केलेला हा दानधर्म होता, हे त्याचे वैशिष्ट्य.

उत्तरायुष्यात नातू नथोबा, जावई यशवंतराव फणसे आणि सती गेलेली कन्या मुक्ताबाई, या सर्वांस त्यांनी डोळ्यांदेखत गमावले. १३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाई निवर्तल्या तेव्हा त्यांच्या पोटचे कोणी उरले नव्हते.

यानंतर दौलतीचे काय झाले ते इतिहासात ठळक आहे. १७९७ च्या ऑगस्टात तुकोजी वारले. काशीराव, मल्हारराव, यशवंतराव आणि विठोजी असे चार पुत्र. वाटणी झालेली नाही, सर्वांना मान्य असा वडीलधारा नाही. दौलतराव शिंद्यांनी काशीरावांचा पक्ष घेतला आणि सप्टेंबरात पुण्यात मल्हाररावांचा वध झाला. १८०१ साली दुसऱ्या बाजीरावाने विठोजीस हत्तीच्या पायी दिले. त्याचा सूड मनात धरून यशवंतराव पुण्यावर आले आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला त्यांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजा मोडल्या. बाजीराव पळाला व ३१ डिसेंबरला वसईचा तह करून इंग्रजांच्या आश्रयास गेला. त्या तहातून जे युद्ध पेटले, त्याचा पहिला तडाखा कोठे बसला? आपल्याच नगरास. शिंद्यांच्या ताब्यातील भुईकोट किल्ला जनरल वेलस्ली याने १२ ऑगस्ट १८०३ रोजी घेतला. एका घरातील न झालेली वाटणी आणि नगरच्या किल्ल्यावर चढलेले परके निशाण, यांच्यामध्ये अवघी सहा वर्षे आहेत. शिंद्यांची महत्त्वाकांक्षा व बाजीरावाचा स्वभाव हीही कारणे होतीच. सारा दोष होळकरबंधूंच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

खासगी मात्र टिकली. इंदूर संस्थानाच्या काळात देवस्थाने, घाट, धर्मशाळा व अन्नछत्रे यांचा खर्च तिच्या नावाने चालत राहिला. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले, तेव्हा प्रश्न आला की ही मिळकत महाराजांची खाजगी की राज्याची? १९४९ च्या मे महिन्यात ठरले ते असे : खासगीची मिळकत व उत्पन्न सरकारात जमा समजावे, आणि त्याच्या मोबदल्यात सरकारने धर्मादायासाठी दरसाल २,९१,९५२ रुपये कायमचे वेगळे काढावे, त्याचा विनियोग विश्वस्तांमार्फत व्हावा. विश्वस्तपत्र होण्यापूर्वीच, डिसेंबर १९६१ मध्ये, महाराजा यशवंतराव वारले. त्यांना अमेरिकन पत्नीपासून झालेला पुत्रही होता. परंतु भारत सरकारने वारस म्हणून मान्यता दिली ती कन्या उषादेवी यांस. गौतमाबाईंपासून स्त्रियांच्या हाती असलेली खासगी अशा रीतीने पुन्हा एका स्त्रीच्या अध्यक्षतेखाली आली, हा योगायोग खरा. २७ जून १९६२ रोजी ‘खासगी (देवी अहिल्याबाई होळकर चॅरिटीज) ट्रस्ट’ याचे विश्वस्तपत्र झाले. विश्वस्तांत घराण्याकडील व्यक्ती होत्या, तसेच सरकारने नेमलेलेही होते.

येथवर सर्व सुरळीत. परंतु १९७२ साली एक पूरकपत्र झाले आणि त्यात विश्वस्तांस मिळकत विकण्याचा अधिकार घेण्यात आला. पुढे काही मिळकती विकल्या गेल्या. हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या विक्रीची तक्रार पुढे आली आणि प्रकरण मध्यप्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेले. एका न्यायाधीशांनी २०१३ साली विश्वस्तांच्या बाजूने निकाल दिला. ५ ऑक्टोबर २०२० रोजी द्विसदस्य पीठाने तो फिरविला. शेवटी २१ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हा सार्वजनिक न्यास आहे, त्यास सार्वजनिक न्यासांचा कायदा लागू आहे, त्याची नोंदणी झाली पाहिजे, आणि झालेल्या विक्रीव्यवहारांत न्यासाचे नुकसान झाले काय, याची चौकशी निबंधकाने करावी. आर्थिक गुन्हे विभागाकडून तपास करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश मात्र सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकला. विश्वस्तांनी गुन्हा केला असा हा निकाल नव्हे. पूर्वपरवानगीवाचून मिळकत विकण्याची मुभा विश्वस्तपत्रात लिहून घेतली म्हणून ती कायद्यापुढे टिकत नाही, एवढाच त्याचा रोख.

आपल्या महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ३६ हेच सांगते. न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून विकता येत नाही, मग देणगी देणारे आजोबा आपले का असेनात. केवळ कुटुंबीयांच्या हितासाठी केलेल्या खाजगी न्यासास १८८२ चा न्यास कायदा लागतो. त्याची वाट वेगळी. आपल्या कित्येक घरांत देऊळ, विहीर, धर्मशाळा किंवा विद्यार्थ्यांसाठीचा निधी आजोबांनी तोंडी बोलून ठेवलेला असतो; तो यांपैकी कोणत्या प्रकारात मोडतो हे त्यांच्या हयातीत कागदावर आले नाही, तर नातवांस ते न्यायालयात सिद्ध करावे लागते. हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेताना या निधीचाही उल्लेख त्यात घुसडण्याची घाई काही ठिकाणी दिसते. जे वाटावयाचेच नव्हते त्यावरील हक्क सोडून देण्याचा प्रश्न कोठून येतो?

नोंदणीकृत न्यासाचा एखादा विश्वस्त वारला, तर त्या बदलाचा अहवाल, म्हणजे ज्याला कचेरीत ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात तो, कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. मृत विश्वस्ताचा मुलगा आपोआप विश्वस्त होत नाही; तो कसा व्हावा हे विश्वस्तपत्रात लिहिलेले असते, आणि नसेल तर उरलेल्या विश्वस्तांनी रीतसर सभा बोलावून ठराव करावयाचा असतो.