जुनी मोटार, नवा रस्ता

आवरण्यासाठी मराठीत जे जुने शब्द आहेत, ते बहुतेक जनावराच्या अंगावरून आलेले आहेत. लगाम घोड्याच्या तोंडात, वेसण बैलाच्या नाकात, कासरा गाडीवानाच्या मुठीत. मनाला लगाम घालावा, महागाईला वेसण घालावी, असे आपण आजही लिहितो. या शब्दांत एक गोष्ट गृहीत आहे. जो ओढतो तोच थांबतो. बैल थांबला की गाडी थांबली. मोटारीने ही एकी मोडली. तिच्यात ओढणारे यंत्र वेगळे आणि थांबवणारे वेगळे. म्हणूनच की काय, या दुसऱ्या यंत्रासाठी आपले जुने शब्द पुरे पडले नाहीत आणि 'ब्रेक' हा शब्द आपण तसाच स्वीकारला. ब्रेक मारणे, ब्रेक लागणे, ब्रेक फेल होणे हे वाक्प्रचार आता इतके आपले झाले आहेत की त्यांचे परकेपण जाणवतही नाही.

मोटारीचा इतिहास मात्र बहुधा वेगाचा इतिहास म्हणूनच लिहिला जातो. कोणत्या साली कोणती गाडी ताशी किती मैल धावली हे सापडते. ती किती अंतरात थांबली हे शोधावे लागते. प्रस्तुत लेखाचा विषय या दुर्लक्षित बाजूचा आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची एखादी स्पोर्ट्‌स कार आजच्या रस्त्यावर चालवायची असेल, तर तिचे ब्रेक बदलावेत काय, आणि बदलले तर ती गाडी तीच राहते काय? प्रश्न गॅरेजातला दिसतो. परंतु जुन्या वस्तूचे जुनेपण नेमके कशात असते, हा प्रश्न संहिता आणि पाठभेद यांच्याशी रोज संबंध येणाऱ्या साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नसावा.

सुरुवात मिरजेच्या परिसरातूनच करता येते. लोखंडी धाव बसवलेल्या लाकडी चाकाची बैलगाडी कच्च्या रस्त्यावर मोठ्या कष्टाने ओढली जाई. मात्र त्या कष्टातच तिचा ब्रेकही होता. चाक मातीत रुतत असे, त्यामुळे गाडी फारशी पळतच नसे. पुढे हवा भरलेल्या रबरी टायरची गाडी आली. तिला शेतकऱ्यांनी टायर बनवणाऱ्या कंपनीच्या नावावरून 'डनलॉप गाडी' म्हटले. ओढण्याचे कष्ट कमी झाले, तसा भारही वाढला. ऊस कारखान्यावर नेणाऱ्या गाड्यांनी हा फायदा पुरेपूर घेतला. परंतु सपाटीवर जी सहज पळते ती उतारावरही सहजच पळते. तेथे मागचा सगळा भार बैलांच्या मानेवर येऊ लागला. चाक सुधारले की थांबण्याचा प्रश्न उभा राहतो, हा या इतिहासातला पहिला धडा आहे. आणि तो मोटारीच्या कारखान्यात शिकावा लागत नाही, उसाच्या फडाजवळच्या उतारावर शिकता येतो.

दुसरा धडा रेल्वेचा. मिरज हे एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुळांचे जंक्शन होते. कोल्हापूर संस्थानची रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली, बार्शी लाइट रेल्वे १९२७ मध्ये मिरजेला पोचली आणि पुणे–मिरज–कोल्हापूर हा मार्ग १९७१ मध्ये रुंद झाला. या सर्व गाड्यांना थांबवण्यामागचा विचार मात्र एका दूरच्या अपघातातून पक्का झाला होता. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे सहलीची एक गच्च भरलेली गाडी चढावर अडली. ती दोन भागांत सोडवण्यात आली आणि मागचा भाग उतारावरून मागे घसरत येऊन दुसऱ्या गाडीवर आदळला. सुमारे ८० माणसे मेली. त्या गाडीला ब्रेक नव्हता असे नाही. तो अशा प्रकारचा होता की डब्यांची जोडणी सुटताच निकामी होई. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा केला, की प्रवासी गाडीचा ब्रेक सलग आणि स्वयंचलित असावा, म्हणजे नळी तुटली तर ब्रेक सुटू नये, उलट लागावा. बिघाड झाल्यास यंत्राने सुरक्षिततेच्या बाजूला कलावे, ही कल्पना अशी रूढ झाली.

मोटारीने ती कल्पना फार उशिरा घेतली. विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या बहुतेक मोटारींत पायाने दाबलेल्या ब्रेकचा जोर तेलाच्या एकाच परिपथातून चारही चाकांना जाई. कोठेही एका जागी गळती झाली की चारही ब्रेक गेले. अमेरिकेत दुहेरी परिपथ सक्तीचा झाला तो १९६८ पासून. आर्माच्या अपघातानंतर ७९ वर्षे लोटली होती.

स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत ही विसंगती अधिकच ठळक आहे. जग्वार कंपनीची एक्सके १२० ही गाडी १९४८ मध्ये आली. नावातला आकडा ताशी १२० मैलांचा, म्हणजे सुमारे १९३ किलोमीटरचा. तिचे ब्रेक मात्र चारही चाकांवर ड्रमचे होते. ड्रम ब्रेकमध्ये बंद भांड्यासारख्या फिरत्या ड्रमला आतून पट्ट्या घासतात. एकदोनदा थांबायचे असेल तर तो उत्तम काम करतो. अडचण उष्णतेची आहे. वेग दुप्पट झाला की गतीची ऊर्जा चौपट होते आणि थांबताना ती सगळी उष्णतेत बदलते. बंद ड्रममधून ही उष्णता लवकर बाहेर पडत नाही. ड्रम तापून फुगतो, पट्ट्यांपासून दूर सरतो, पट्ट्यांची पकडही घटते. पाय खोल जातो आणि गाडी थांबत नाही. मिरजेहून कोल्हापूरमार्गे रत्नागिरीला जाताना आंबा घाट उतरलेल्या कोणाही चालकाला हे समजावून सांगावे लागणार नाही. चढताना जो गिअर, तोच उतरताना, हा जुना उपदेश इंजिनाच्या दयेसाठी नसून ब्रेक थंड राहावेत यासाठी आहे.

यावरचा उपाय कागदावर केव्हाच होता. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच चकतीच्या, म्हणजे डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते. उघड्यावर फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायची. वारा लागून ती निवते आणि तापून जाड झाली तरी पट्ट्यांपासून दूर न जाता त्यांच्याकडेच सरकते. ही कल्पना विमानांसाठी विकसित झाली आणि तेथून रस्त्यावर आली. आणणारी कंपनी होती डनलॉप, म्हणजे जिच्या नावाने आपला शेतकरी बैलगाडी ओळखतो तीच. १९५२ मध्ये स्टर्लिंग मॉस यांनी डिस्क ब्रेक लावलेली जग्वार इटलीतील मिले मिलिया शर्यतीत चालवली आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये ऱ्हांस येथे जिंकून दाखवली. १९५३ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत रोल्ट आणि हॅमिल्टन यांनी अशाच ब्रेकच्या बळावर जिंकली. इंजिन बदलून मिळाला नसता एवढा फायदा त्यांना वळणाआधी उशिरा थांबता आल्याने मिळाला. १९५७ च्या जग्वार एक्सके १५० ला डिस्क ब्रेक मिळाले. एमजीए या लहान गाडीला पुढच्या चाकांवर ते १९५९ मध्ये आले. आज ज्याला आपण 'ब्रेक सुधारणे' म्हणतो, ते पुष्कळदा धाकट्या भावाचे ब्रेक थोरल्याला बसवणे असते.

परंतु याच ल मान्सच्या रस्त्यावर ११ जून १९५५ रोजी जे घडले त्याने या कथेचा सरळपणा संपतो. माइक हॉथॉर्न यांच्या डिस्क ब्रेकच्या जग्वारने थांब्यावर जाण्यासाठी वेग कमी केला. मागून येणाऱ्या लान्स मॅकलिन यांच्या ऑस्टिन-हीलीला बाजूला वळावे लागले आणि तिच्यावर पिअर लव्हे यांची मर्सिडीज आदळून प्रेक्षकांत गेली. लव्हे आणि ८० हून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. या मर्सिडीजला ड्रम ब्रेक होते आणि त्यांच्या मदतीला वारा अडवणारी उघडझाप करणारी फळी बसवली होती. अपघाताची कारणे अनेक आहेत, त्यांवर वादही खूप झाले. अरुंद रस्ता आणि प्रेक्षकांची जवळीक हीदेखील त्यांत येतात. तरी एक गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. एकाच रस्त्यावर निरनिराळ्या अंतरात थांबणाऱ्या गाड्या धावत होत्या. ब्रेक हा एकट्या गाडीचा गुण नव्हे. तो तिच्या पुढच्या आणि मागच्या गाडीशी असलेला संबंध आहे.

हे पटले की आपल्या रस्त्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. वालचंद हिराचंद यांचे नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे. त्यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून निघालेली फियाट आणि कोलकात्याजवळची ॲम्बॅसॅडर या दोन गाड्यांनी कित्येक दशके आपले रस्ते व्यापले होते. दोघींनाही ड्रम ब्रेक, दोघींचाही वेग बेताचा. त्या काळी एखादी जुनी स्पोर्ट्‌स कार त्यांच्यामधून जात असेल, तर ती थांबण्याच्या बाबतीत इतरांहून वेगळी नव्हती. पुढे पुणे–बंगळूर महामार्ग चौपदरी झाला, पुढच्या चाकांवरचे डिस्क ब्रेक नित्याचे झाले आणि एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. आज मिरजेहून सांगली–पेठ रस्त्याने महामार्गाला लागणाऱ्या जुन्या गाडीच्या पुढे असते ती एबीएसची मोटार. गळीत हंगाम असेल तर पुढे किंवा मागे उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टरही असतो. त्या ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. १९५५ ची गाडी १९५५ सारखीच आहे. तिच्या भोवतीचा रस्ता बदलला आहे. म्हणून 'गाडी मूळची तशी चालत होतीच की' हा युक्तिवाद टिकत नाही. ती ज्या रस्त्यावर चालत होती तो रस्ता उरलेला नाही.

मग बदल कोणता करावा? जाणत्या कारागिराचा क्रम बहुधा असा असतो. आधी जे आहे ते पूर्ण दुरुस्त करावे: रबरी नळ्या, सिलिंडर, पट्ट्यांची जुळणी, आणि हवेतला ओलावा शोषून लवकर उकळू लागणारे ब्रेकचे तेल. मग टायर, कारण ब्रेक चाक थांबवतो, गाडी टायरच थांबवतो. पुष्कळ गाड्यांचे समाधान येथेच होते. त्यापुढे परिपथ दुहेरी करावा, आणि मगच पुढच्या चाकांवर डिस्क. येथे उत्साहाला आवर घालावा लागतो. थांबताना गाडीचा भार पुढे जातो, त्यामुळे पुढच्या-मागच्या ब्रेकचे प्रमाण बिघडले आणि मागची चाके आधी जाम झाली तर गाडी गरकन फिरते. शर्यतीच्या पट्ट्या तापल्याशिवाय पकडत नाहीत. भाजी आणायला निघालेल्या गाडीला त्या घातक ठरतात. पायाचे कष्ट वाचवणारा सर्वो थांबण्याचे अंतर आपोआप कमी करीत नाही. सारांश, रस्त्यासाठी लागतो तो सर्वांत ताकदवान ब्रेक नव्हे, तर थंड असताना, पावसात, पहिल्याच दाबाला आणि दहाव्या दाबालाही सारखाच वागणारा ब्रेक.

राहिला मूळपणाचा प्रश्न. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत फेरफारांना आळा घालते. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि ती नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणू नये. कायद्याने नकळत दोन प्रकारचे जतन वेगळे केले आहे. एक वस्तू जपणारे, दुसरे तिचा वापर जपणारे. कोल्हापूरच्या दसऱ्याच्या मिरवणुकीत छत्रपती राजाराम महाराजांची मेबॅक गाडी निघते, तिला डिस्क ब्रेकची गरज नाही. तिच्यासाठी त्या दिवशी रस्ताच जुन्या काळाच्या चालीने चालतो. रोजच्या गाडीसाठी रस्ता असा थांबत नाही.

आपल्या क्षेत्रातही हे दोन मार्ग आहेत. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिचे काम मूळाकडे जाण्याचे. रात्रभर चालणारे संगीत नाटक आज तीन तासांत बसवणाऱ्या दिग्दर्शकाचे काम प्रयोग जिवंत ठेवण्याचे. दोघांनाही संहितेविषयी आदर असू शकतो. चिकित्सक आवृत्तीकडून मात्र एक शिस्त घेण्यासारखी आहे. नाकारलेला पाठही ती टाकून देत नाही, तळटीपेत नोंदवते. गाडीचे काढलेले ड्रम तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवावेत, चासीला नवे भोक न पाडता बसेल तोच डिस्क निवडावा, आणि काय बदलले याची नोंद गाडीच्या कागदांत असावी. पुढच्या मालकाला मूळाकडे परतण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे.

मिरजेला हे नवे नाही. शस्त्रांची मागणी ओसरल्यावर येथील शिकलगार कारागीर एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांचे नाव त्या परंपरेच्या आरंभी घेतले जाते आणि २०२४ मध्ये येथील सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांच्याकडे जुना तानपुरा येतो तेव्हा तारा बदलतात, तारांनी चरे पाडलेल्या घोडीची जवारी नव्याने काढतात, गरज पडली तर घोडीही बदलतात. भोपळ्याला आणि दांडीला हात लावण्यापूर्वी मात्र विचार करतात. तानपुरा बदलला असे कोणी म्हणत नाही, कारण तो पुन्हा गायकामागे वाजू लागलेला असतो. जे झिजण्यासाठीच असते ते बदलल्याने वस्तू परकी होत नाही.

जुन्या मोटारीचे ब्रेक हा असाच झिजण्यासाठी असलेला भाग आहे. त्यात आणखी एक भर घालावी लागते. तानपुरा बेसूर लागला तर मैफल बिघडते. ब्रेक न लागल्यास ज्याला त्या गाडीच्या इतिहासाशी काही देणेघेणे नाही, असा पुढे सायकलवरून चाललेला माणूस मरतो. मूळपणाचा आग्रह धरण्याचा हक्क मालकाला जरूर आहे, पण त्या आग्रहाची किंमत दुसऱ्याने द्यावी असे म्हणण्याचा नाही. गाडी दालनात उभी राहणार असेल तर तिचे ड्रम तसेच राहू द्यावेत. ती रस्त्यावर येणार असेल, तर तिने आजच्या रस्त्याच्या अंतरात थांबायला शिकले पाहिजे.