एका छपराखाली दोन कोर्टं

मुंबई हायकोर्टात आजही ‘ओरिजिनल साइड’ आणि ‘अपेलेट साइड’ अशा दोन बाजू आहेत. का? तर १८६२ पूर्वी इथं न्यायाची दोन वेगळी दारं होती. मुंबई शहरात राजाच्या सनदेचं सुप्रीम कोर्ट, तिथं बॅरिस्टर आणि इंग्लिश कायदा. पुण्या-नगरच्या शेतकऱ्याला मात्र कंपनीची अदालत, १८२७ची एल्फिन्स्टनची रेग्युलेशनं, आणि वर अपिलाला सदर दिवाणी अदालत. १४ ऑगस्ट १८६२ला हायकोर्ट उघडलं, दोन्ही एकत्र आली. पण एकजीव झाली का? बघा, मुंबईतला मोठ्या रकमेचा दिवाणी दावा आजही थेट हायकोर्टात लागतो. पुण्यातला तेवढ्याच रकमेचा दावा आधी तिथल्या दिवाणी न्यायालयात. म्हणजे कंपनी गेली, राणी गेली, पण पक्षकाराची वाट अजून पत्त्यावरूनच ठरते.