लेजर, करार आणि चेअरमन : बँकांच्या संगणकीकरणात माणसाची जागा

या मालेत आपण उद्योगव्यवसायांच्या इतिहासाकडे कामगारांच्या बाजूनं आणि चालकांच्या बाजूनं, दोन्हीकडून पाहत आलो आहोत. आजचा विषय आहे संगणकीकरण. सध्याच्या भाषेत डिजिटल परिवर्तन. ‘तंत्रज्ञान नंतर, माणूस आधी’ हे वाक्य आज प्रत्येक व्यवस्थापकाच्या तोंडी असतं. आपल्याकडे हे वाक्य पहिल्यांदा प्रत्यक्षात कुणी आणलं? आमच्या मते त्याचं उत्तर शोधायला सरकारी बँकांसारखी दुसरी जागा नाही.

सुरुवात थोडी मागून करू. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळानं संगणक आणायचं ठरवलं, तेव्हा कर्मचाऱ्यांनी कडाडून विरोध केला. कलकत्त्यात तर संगणक ठेवायच्या इमारतीवर कर्मचाऱ्यांनी पहारे दिले. हा प्रश्न इतका पेटला की सरकारनं स्वयंचलनावर एक समितीच नेमली. तिचे अध्यक्ष होते आपल्या पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर, आणि तिचा अहवाल आला १९७२ साली. म्हणजे यंत्र आणि रोजगार यांचं नातं काय असावं, ही चर्चा आपल्याकडे पन्नास वर्षांहून जुनी आहे.

आता बँकांकडे येऊ. १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या शाखा ८ हजारांच्या आसपास होत्या. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्या ४५ हजारांवर गेल्या. शाखा वाढल्या, खाती वाढली, पण काम मात्र हातानंच. जाडजूड लेजर, डे बुक, पितळी टोकन. खात्यांचा मेळ घालणं महिनोन्‌महिने रेंगाळायचं. एका शाखेनं दुसऱ्या शाखेवर केलेल्या व्यवहारांचा मेळ तर वर्षानुवर्षं लागत नसे, आणि अफरातफर लपायला तेवढी जागा पुरत असे. सहामाही व्याज काढायची वेळ आली की कारकून रात्री उशिरापर्यंत शाखेत बसलेले असत. तेव्हा यंत्राची गरज होती, यात वाद नाही. वाद होता तो यंत्र कुणाच्या अटींवर येणार, याचा.

रिझर्व्ह बँकेनं १९८३ मध्ये डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९८४ च्या तिच्या अहवालानं शाखांत लेजर पोस्टिंग मशीन, प्रादेशिक कार्यालयांत छोटे संगणक आणि मुख्य कार्यालयांत मोठे संगणक अशी टप्प्याटप्प्याची वाट आखली. गंमत पाहा, ते १९८४ हे वर्ष कामगार संघटनांनी ‘संगणकीकरणविरोधी वर्ष’ म्हणून जाहीर केलेलं होतं! तरीही यंत्रं आली. कशी आली? करार करून आली. इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात १९८३, १९८७ आणि १९९३ असे तीन महत्त्वाचे करार झाले. संगणकामुळे कुणाची नोकरी जाणार नाही, यंत्र चालवणाऱ्याला विशेष भत्ता मिळेल, कुठे आणि किती यंत्रं बसतील, हे सगळं कागदावर आलं.

या करारांची पुष्कळ थट्टा झालेली आहे. संघटनांनी देशाला दहा वर्षं मागे ठेवलं, असं आजही म्हटलं जातं. त्यात तथ्य नाही असं आम्ही म्हणणार नाही. यंत्रांची संख्या ठरवून घेण्याच्या पद्धतीमुळे वेग नक्कीच मंदावला. काउंटरपुढं ताटकळणाऱ्या ग्राहकाला त्या वाटाघाटीत आवाज नव्हता, हेही खरं. पण दुसरी बाजूही बघा. नोकरीची हमी हातात असल्यामुळे पुढं जेव्हा मोठी लाट आली, तेव्हा चाळिशी-पन्नाशीतल्या कारकुनांनी कीबोर्डवर बोटं ठेवली. ज्याला उद्या आपण इथे असू की नाही हेच ठाऊक नाही, तो माणूस नवं शिकत नाही, तो जुनं धरून बसतो.

ती लाट आली १९९० च्या दशकात. नव्या खाजगी बँका पहिल्या दिवसापासून संगणकावरच सुरू झाल्या. त्यांच्यापाशी ना जुनी लेजरं, ना जुने करार. सरकारी बँकांवर दट्ट्या आला तो एका अनपेक्षित दिशेनं. केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी बँकांना १ जानेवारी २००१ पर्यंत ७० टक्के व्यवसाय संगणकावर आणण्याचा आदेश दिला. कारण दिलं भ्रष्टाचाराला आळा घालण्याचं.

आणि त्याच सुमाराला, २०००-०१ मध्ये, स्वेच्छानिवृत्ती योजना आली. सरकारी बँकांमधून सुमारे १ लाख माणसं बाहेर पडली. पंधरा वर्षं नोकरी किंवा चाळीस वर्षं वय, एवढी अट. करारानं कपात करता येत नव्हती, ती ‘स्वेच्छे’नं झाली. जाणाऱ्यांत अनुभवी अधिकारी बरेच होते. ज्यांना दुसरीकडे काम मिळण्याची खात्री होती तेही गेले. शाखेची सारी स्मृती ज्यांच्या डोक्यात होती, ती माणसं ऐन स्थित्यंतराच्या तोंडावर निघून गेली. माणसाला खर्च म्हणून मोजलं की काय होतं, त्याचा हा आपल्या घरचाच दाखला आहे.

या पार्श्वभूमीवर स्टेट बँकेकडे पाहू. तिथे २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात कोअर बँकिंग सुरू झालं. अर्थ सोपा आहे : खातं शाखेच्या लेजरमधून निघून बेलापूरच्या डेटा सेंटरमध्ये गेलं, आणि ‘शाखेचा ग्राहक’ हा ‘बँकेचा ग्राहक’ झाला. पण शाखेतल्या माणसाच्या दृष्टीनं काय झालं? ज्या लेजरवर त्याची हुकमत होती, ते लेजरच उरलं नाही. एप्रिल २००६ मध्ये पेन्शनच्या मागणीसाठी बँकेत आठवडाभर संप झाला होता. यंत्रणा नवी होत होती आणि माणसं नाराज होती.

त्याच वर्षी ओ. पी. भट्ट अध्यक्ष झाले. त्यांनी आधी वरिष्ठ अधिकाऱ्यांना लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीत एकत्र बसवलं आणि बँक कुठं घसरते आहे, बाजारातला तिचा वाटा कसा कमी होतो आहे, हे न लपवता मांडलं. इथवर कुठलाही अध्यक्ष येतो. पुढचं पाऊल वेगळं होतं. २००७ मध्ये ‘परिवर्तन’ नावाचा कार्यक्रम आखून हीच गोष्ट थेट कारकुनांपर्यंत नेली गेली. दोन-दोन दिवसांची शिबिरं, शंभरएक दिवसांत लाखाहून जास्त कर्मचारी. ‘सॉफ्टवेअर कसं वापरायचं’ हा त्या शिबिरांचा विषय नव्हताच. विषय होता, बँक कशी चालली आहे आणि त्यात तुमची जागा कोणती. तोवर चेअरमनचा निरोप कारकुनापर्यंत पोचायचा तो परिपत्रकातून नाहीतर संघटनेच्या फलकावरून. २००८ मध्ये सगळ्या शाखा कोअर बँकिंगवर आल्या, आणि त्याच वर्षी बँकेची १०,००० वी शाखा उघडली.

याचं सगळं श्रेय एका अध्यक्षाला द्यावं का? आम्हाला तसं वाटत नाही. तंत्राची पायाभरणी आधीच्यांनी केली होती. नोकरीची हमी संघटनांनी भांडून मिळवली होती. अध्यक्षानं जे केलं ते बोलण्याचं काम, आणि ते ऐकलं गेलं, कारण ऐकणाऱ्याच्या पायाखाली जमीन होती. हमी नसती तर तीच शिबिरं कपातीची नांदी वाटली असती.

म्हणून आजच्या चालकांपुढं हा इतिहास ठेवावासा वाटतो. आज बँकेत बरंचसं काम कंत्राटी माणसं करतात. १९८३ किंवा १९९३ च्या करारांवर त्यांच्या वतीनं सही करणारं कुणी नव्हतं. कृत्रिम बुद्धिमत्ता दाराशी आली आहे. ‘माणूस आधी’ असं एखाद्या सभेत ऐकलंत, तर दोन प्रश्न जरूर विचारा. कुठला माणूस? आणि ते लिहून कुठे दिलं आहे?

आता आपण तुमचे प्रश्न घेऊ.