एक शब्द, दोन मापे : अंकीय विदेच्या दशमान व द्विमान परिमाणांचा इतिहास

शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो, हे साहित्याच्या अभ्यासकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. मापनाची परिभाषा मात्र या नियमाला अपवाद असावी, अशी आपली अपेक्षा असते. किलोग्रॅम बाजारात एक आणि प्रयोगशाळेत दुसरा असे चालत नाही. या अपेक्षेला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘किलोबाइट’ आणि त्याच्या परिवारातील शब्दांनी छेद दिला. एकच शब्द कधी १,००० बाइटांसाठी, तर कधी १,०२४ बाइटांसाठी वापरला जाऊ लागला. हा प्रश्न वरवर गणिताचा दिसत असला, तरी त्याचे मूळ नामकरणात आहे, आणि त्यावर योजण्यात आलेला उपायही भाषिकच होता. त्या उपायाला कागदावर मान्यता मिळाली, पण बोलण्यात तो रुजला नाही. असे का घडले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१

१,०२४ ही संख्या कोठून आली, हे छंदशास्त्राच्या आधारे सहज उलगडते. अक्षर लघू किंवा गुरू असते. एका अक्षराचे दोन भेद, दोन अक्षरांचे चार, तीन अक्षरांचे आठ, असे हे भेद प्रत्येक अक्षरागणिक दुप्पट होतात. अनुष्टुभाच्या आठ अक्षरी चरणाचे लघु-गुरूंच्या दृष्टीने संभाव्य भेद २५६ होतात आणि दहा अक्षरी चरणाचे १,०२४. पिंगलाच्या छंदःसूत्रात या भेदांचा प्रस्तार मांडण्याची रीत आहे. प्रस्तारातील एखाद्या क्रमांकाच्या भेदाचे रूप ओळखण्याची रीतही तेथे आहे. संख्या सम असेल तर निम्मी करून लघू लिहावा. विषम असेल तर एक मिळवून निम्मी करावी व गुरू लिहावा. दशमान संख्येचे द्विमान रूप काढण्याची आजची रीत याच जातीची आहे. यावरून पिंगलाला संगणकशास्त्राचा जनक ठरविणे अनैतिहासिक होईल. दोन पर्यायांच्या कोणत्याही रचनेत दोनचे घात अटळपणे येतात, एवढेच यातून सिद्ध होते.

संगणकातही हेच घडते. लघु-गुरूंच्या जागी तेथे शून्य आणि एक असतात. आठ बिटांच्या बाइटाची २५६ रूपे होतात. स्मृतीतील स्थानांना दहा बिटांचे पत्ते दिले, तर नेमकी १,०२४ स्थाने मिळतात, ना एक कमी ना एक अधिक. पूर्ण हजार स्थानांची स्मृती बनविली, तर चोवीस पत्ते वाया जातात. म्हणून स्मृतीच्या क्षेत्रात दोनचे घात ही आवडीनिवडीची बाब नसून रचनेची अपरिहार्यता आहे.

२

‘किलो’ हा उपसर्ग हजार या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून फ्रान्समध्ये १७९५ च्या दशमान व्यवस्थेत आला. १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय एकक पद्धती निश्चित झाली, तेव्हा मेगा, गीगा आणि टेरा हे उपसर्गही तिच्यात समाविष्ट झाले. या सर्वांचा अर्थ दहाच्या घातांशी बांधलेला होता. संगणकाच्या अभियंत्यांनी त्याच सुमारास ‘के’ हे अक्षर १,०२४ साठी उसने घेतले. फरक शेकडा अडीचहूनही कमी होता आणि सोय मोठी होती. ६५,५३६ स्थानांच्या स्मृतीला कोणी ‘६४ के’ म्हणे, तर कोणी हजाराने भागून ‘६५ के’ म्हणे. ऐकणाराही जाणकार असल्याने फारसे बिघडत नसे.

बिघडले ते प्रमाण वाढल्यावर. उपसर्गाच्या प्रत्येक पायरीला १,०२४ चा गुणाकार पुन्हा होतो, त्यामुळे तफावत साचत जाते. किलोला ती शेकडा २.४ असते, मेगाला सुमारे ४.९, गीगाला ७.४ आणि टेराला जवळजवळ १० होते. द्विमान मेगाबाइट १०,४८,५७६ बाइटांचा होतो, तर द्विमान गीगाबाइट १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा.

शिवाय प्रत्येक व्यवसायाने आपापला अर्थ धरून ठेवला. स्मृतीचे उत्पादक द्विमान अर्थाला चिकटून राहिले. चुंबकीय तबकडीला पत्त्यांचे तसे बंधन नसल्याने तिचे उत्पादक दशमान अर्थ वापरू लागले, आणि संदेशवहनाचा वेगही दशमानातच मोजला गेला. साडेतीन इंची फ्लॉपीने तर दोहोंचा संकर केला. तिच्यावर छापलेले ‘१.४४ मेगाबाइट’ म्हणजे १,४४० गुणिले १,०२४, अर्थात १४,७४,५६० बाइट. येथील ‘मेगा’ धड दशमान नाही आणि धड द्विमानही नाही. एक टेराबाइटाची तबकडी विंडोज प्रणालीत ९३१ गीगाबाइटांची दिसते. बाइट तेवढेच असतात, फक्त भाजक बदललेला असतो. या तफावतीवरून अमेरिकेत ग्राहकांनी २००० च्या दशकात उत्पादकांना न्यायालयात खेचले.

३

या संदिग्धतेवर पहिले उपाय १९६८ मध्येच सुचविण्यात आले. डोनाल्ड मॉरिसन यांनी १,०२४ साठी ‘कॅप्पा’ हे ग्रीक अक्षर सुचविले; इतरांनी अन्य चिन्हे पुढे केली. त्यांपैकी एकही टिकले नाही. अखेरीस आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने डिसेंबर १९९८ मध्ये किबी, मेबी, गिबी, टेबी, पेबी आणि एक्सबी या उपसर्गांना मान्यता दिली. मूळ उपसर्गाची आरंभीची अक्षरे आणि ‘बायनरी’तील ‘बी’ अशी ही जोडणी आहे. डोनाल्ड क्नुथ यांना ही नावे ऐकण्यास चमत्कारिक वाटली आणि त्यांनी ‘मोठा किलोबाइट’ असा पर्याय सुचविला. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेने किलो, मेगा इत्यादी उपसर्ग दोनच्या घातांसाठी वापरू नयेत, असे स्पष्टपणे नमूद केले.

येथे आपल्याकडील मापांशी तुलना उद्बोधक ठरते. जुन्या बाजारात ‘शेर’ या एका शब्दाची अनेक वजने होती. व्यवहाराने त्यासाठी नवा शब्द घडविला नाही. ‘कच्चा शेर’ आणि ‘पक्का शेर’ अशी विशेषणे जोडून काम भागविले. क्नुथ यांची सूचना याच पठडीतली आहे.

रुपयाचे उदाहरण त्याहून बोलके आहे. रुपया, अधेली, पावली, चवली, आणा, ढब्बू आणि पैसा या उतरंडीत प्रत्येक नाणे आधीच्याच्या निम्मे होते. चौसष्ट पैशांचा रुपया हा दोनचा सहावा घात होता. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर भाग झाले, तेव्हा ‘पैसा’ हा शब्द दोन मूल्यांचा वाचक बनला. शासनाने ‘नया पैसा’ असे नाव देऊन घोटाळा टाळला आणि १९६४ मध्ये ‘नया’ गळून पडला, कारण तोवर जुना पैसा व्यवहारातून उठला होता. विशेष म्हणजे याच काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक घडत होता आणि त्याच्या स्मृतीत २,०४८ शब्दस्थाने होती. नाणेव्यवहार दोनच्या घातांचा निरोप घेत असतानाच ते दुसऱ्या दाराने प्रवेश करीत होते.

या तुलनेतून मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. भेददर्शक शब्दाची गरज दोन अर्थ सहअस्तित्वात असेपर्यंतच भासते. पैशाच्या बाबतीत एक अर्थ अस्त पावला आणि विशेषण अनावश्यक ठरले. किलोबाइटाचे दोन्ही अर्थ मात्र जिवंत आहेत, कारण दोहोंमागे स्वतंत्र व्यवसाय उभे आहेत. ‘कच्चा’ आणि ‘पक्का’ ही विशेषणे बाजारातून वर आली होती. ‘किबी’ समितीकडून खाली आला. ज्यांना अचूकता हवी, त्या तंत्रज्ञांच्या लेखनात तो स्थिरावला. सामान्य व्यवहाराला त्याची निकड जाणवली नाही. ॲपलने २००९ मध्ये आपल्या प्रणालीत दशमान अर्थ स्वीकारला. विंडोज आजही द्विमान भागाकार करून दशमानाचे नाव लावते.

४

मराठीच्या दृष्टीने या इतिहासाचे दोन धडे आहेत. पहिला परिभाषेचा. ‘किबी’साठी ‘द्विकिलो’ असा शब्द घडविण्याचा मोह होऊ शकतो. पण मराठी वाचक त्याचा अर्थ ‘दोन किलो’ असाच घेईल आणि एका संदिग्धतेच्या जागी दुसरी येईल. म्हणून येथे लिप्यंतरच इष्ट होय. पारिभाषिक कोशांनी मात्र ‘किलोबाइट’च्या नोंदीत प्रचलित असलेली दोन्ही मूल्ये द्यावीत, एकच अर्थ देणारी नोंद शब्दाच्या वापराचा इतिहास पुसून टाकते.

दुसरा धडा ग्रंथसंग्रहांचा. युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘मराठी’ या शब्दात स्वरचिन्हांसह पाच चिन्हे आहेत, म्हणजे पंधरा बाइट. एखाद्या संहितासंग्रहाचा आकार ‘१० गीगाबाइट’ असा दिला असेल, तर दशमान आणि द्विमान अर्थांत सुमारे २४ कोटी ५८ लाख देवनागरी चिन्हांचा फरक पडतो. अशा आकड्यांवर दोन भाषांच्या संग्रहांची तुलना उभी राहणार असेल, तर ती मुळातच डळमळीत ठरते. रूपांतर करणे कठीण नाही. दशमान गीगाबाइटांना १.०७३७४ ने भागले की गिबीबाइट मिळतात. परंतु त्याआधी मूळ आकडा कोणत्या अर्थाने लिहिला गेला, हे ठरवावे लागते, आणि ते आकड्यावरून कळत नाही. तो कोणी, कोणत्या व्यवसायात आणि कोणत्या काळात लिहिला, हे पाहावे लागते. जुन्या दस्तऐवजातील ‘शेर’ वाचताना इतिहासाचा अभ्यासक हेच करतो. म्हणून संग्रहाचे वर्णन करताना उपसर्गासोबत बाइटांची पूर्ण संख्या अंकांत नोंदविण्याचा प्रघात पाडणे, हे पुढील अभ्यासकांच्या दृष्टीने सर्वांत हिताचे होईल.