वॉरंट निघते एका सहीने, रद्द कधी होते?

आज लढाई नाही, किल्ला नाही, तहही नाही. आजचा विषय आहे एक कागद.

५ जानेवारी १९९१. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातले फिनिक्स शहर. आयझॅक इव्हान्स नावाचा एक माणूस एकेरी रस्त्यावर उलट्या दिशेने गाडी घालतो, तेही नेमके पोलीस स्टेशनसमोर. पोलीस त्याला थांबवतात, गाडीतल्या काँप्युटरवर नाव टाकतात. पडद्यावर उत्तर येते की याच्या नावावर वॉरंट आहे. हातकड्या घालताना त्याच्या हातून वळलेली सिगारेट पडते, तिला गांजाचा वास येतो. मग झडती, सीटखाली गांजाची पिशवी, खटला.

पण ते वॉरंट त्या दिवशी अस्तित्वातच नव्हते. वाहतुकीच्या काही गुन्ह्यांत इव्हान्स कोर्टात हजर राहिला नाही म्हणून १३ डिसेंबरला ते निघाले होते. १९ डिसेंबरला तो स्वतः कोर्टात गेला आणि न्यायाधीशाने फाइलवर ‘वॉरंट रद्द’ असा शेरा मारला. शेरा फाइलमध्येच राहिला. रिवाज असा होता की कोर्टाच्या कारकुनाने मॅरिकोपा काउंटीच्या शेरीफ कचेरीतल्या वॉरंट शाखेला फोन करायचा आणि कोणाशी बोलणे झाले ते फाइलवर नोंदवायचे. इव्हान्सच्या फाइलवर अशी नोंद नव्हती. पुढचे सतरा दिवस हा माणूस कायद्याने मोकळा आणि काँप्युटरच्या लेखी फरार होता.

अशा वॉरंटला तिकडे ‘बेंच वॉरंट’ म्हणतात. बेंच म्हणजे न्यायाधीशाचे आसन. पोलिसांनी मागितलेले हे वॉरंट नव्हे. तारखेला आरोपी आला नाही, दंड भरला नाही, साक्षीदार गैरहजर राहिला, की न्यायाधीश बसल्या जागेवरून ते काढतो. बजावायचे काम शेरीफचे. आता शेरीफ म्हटले की आपल्याला मुंबईचे नगरपाल आठवतात, म्हणजे समारंभांना हजेरी लावणारे मानाचे पद. नाव तेच, कूळही तेच. जुन्या इंग्लंडमध्ये परगण्याला ‘शायर’ म्हणत आणि राजाच्या तिथल्या कारभाऱ्याला ‘रीव्ह’. दोन्ही मिळून शेरीफ. वसूल करणारा तोच आणि माणूस पकडून आणणाराही तोच. आपल्याकडचा मामलेदार आणि फौजदार एकाच टोपीखाली घातला तर जे होईल ते. १६३४ साली व्हर्जिनिया वसाहतीचे आठ ‘शायर’ पाडले गेले आणि ही व्यवस्था अमेरिकेत रुजली. आज तिथे तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत आणि बहुतेक ठिकाणी शेरीफ लोकांच्या मतांनी निवडून येतो.

जुन्या इंग्लंडमधला अटकेचा हुकूम ‘कॅपियास’ नावाने ओळखला जाई. लॅटिन शब्द आहे, अर्थ ‘तू पकडावेस’. त्या हुकमावर परतीची तारीख असे. त्या दिवशी शेरीफने तो कागद कोर्टात परत आणायचा, माणसासकट किंवा ‘सापडला नाही’ असा शेरा लिहून. सापडला नाही तर कोर्ट दुसरा हुकूम काढी, त्याला ‘एलियास’ म्हणत. तिसऱ्याला ‘प्लुरीज’. म्हणजे प्रत्येक हुकमाला आयुष्य होते. तो मरे, आणि कोर्टाला विचार करून नवा काढावा लागे. टेक्ससमध्ये आजही ‘एलियास वॉरंट’ हे नाव चालू आहे. नाव टिकले, रिवाज गेला. आजचे बेंच वॉरंट अमेरिकेत बहुतेक ठिकाणी कोर्ट रद्द करीपर्यंत जिवंत राहते, मग दहा वर्षे जावोत की वीस. आपल्याकडेही फौजदारी संहितेच्या कलम ७० मध्ये तेच होते आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ मध्येही तेच आहे.

कागद परत येणे थांबले आणि त्याच्या जागी यादी आली. १९६७ साली एफबीआयने देशभराची काँप्युटर नोंद सुरू केली. पण काउंटीतली किरकोळ वॉरंटे सगळीच त्या यादीत जात नाहीत. पुष्कळशी त्या काउंटीच्याच दप्तरात पडून असतात. शेजारच्या काउंटीत माणूस निर्धास्त फिरतो आणि हद्द ओलांडली की गुन्हेगार होतो.

अलाबामात ७ जुलै २००४ रोजी हेच झाले. बेनी हेरिंग नावाचा माणूस जप्त झालेल्या आपल्या ट्रकमधून काही वस्तू न्यायला कॉफी काउंटीच्या शेरीफ कचेरीत आला. तिथल्या तपास अधिकाऱ्याने त्याला ओळखले आणि कारकुनाला नाव तपासायला सांगितले. कॉफी काउंटीत काही निघाले नाही. शेजारच्या डेल काउंटीला फोन केला. तिथल्या काँप्युटरवर वॉरंट चालू दिसले. अधिकाऱ्याने हेरिंगला गाठून अटक केली, झडतीत अमली पदार्थ आणि पिस्तूल सापडले. इकडे डेलमधली कारकून फॅक्स करायला मूळ कागद शोधत होती. सापडेना, म्हणून तिने कोर्टात विचारले. वॉरंट पाच महिन्यांपूर्वीच मागे घेतलेले होते. फोन खणखणला, पण तोवर दहा-पंधरा मिनिटे होऊन गेली होती.

दोन्ही प्रकरणे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९५ मध्ये इव्हान्स सात विरुद्ध दोन मतांनी हरला, २००९ मध्ये हेरिंग पाच विरुद्ध चार मतांनी. बहुमताचे म्हणणे थोडक्यात असे, की बेकायदा झडतीतला पुरावा बाद करायचा नियम पोलिसांना जरब बसावी म्हणून आहे. कारकुनाच्या चुकीसाठी किंवा एखाद्या सुट्या हलगर्जीपणासाठी तो वापरता येणार नाही. इव्हान्सच्या प्रकरणात कोर्टाच्या मुख्य कारकुनाने साक्ष दिली की अशी चूक तीन-चार वर्षांतून एकदा होते. मला ही साक्ष वाचून हसू आले. जी चूक कोणाच्या लक्षातच येत नाही, ती किती वर्षांतून होते हे कोण मोजणार? न्यायमूर्ती गिन्सबर्ग दोन्ही वेळा विरोधात होत्या. मी कायदेपंडित नाही, पण माझा कौल त्यांच्या बाजूने आहे. का, ते सांगतो.

१९८७ साली मी कॅप्टन होतो, पलटणीचा ॲड्जुटंट. एक जवान रजेवर गेला तो मुदतीत परतला नाही. घरी बायको आजारी होती, त्याची तार आम्हाला मिळाली नाही. नियमाप्रमाणे आम्ही ‘ॲप्रिहेन्शन रोल’ काढला, म्हणजे त्याच्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना कळवले की हा माणूस दिसला तर ताब्यात घ्या. एकोणिसाव्या दिवशी तो आपल्या पायाने परत आला. सीओसाहेबांपुढे पेशी झाली, शिक्षा झाली, त्याने ती भोगली. प्रकरण मिटले. रोल रद्द करण्याचे पत्र टाइप होऊन माझ्यापुढे सहीला आले. त्याच आठवड्यात पलटण हलत होती. तो डाक पॅड एका पेटीत बांधला गेला आणि पत्र त्यातच राहिले. वर्षभराने तो जवान रजेवर गेला तेव्हा गावच्या जत्रेत, सगळ्यांदेखत, हवालदाराने त्याला धरले. रजेचा दाखला खिशात होता. पण ठाण्यातला रोल चालू होता. दोन रात्री कोठडीत गेल्या. तार आली, आम्ही त्याच दिवशी उत्तर दिले, तो सुटला. परतल्यावर माझ्या ऑफिसात आला, सॅल्यूट केला. रागावला नाही. एवढेच म्हणाला, “साहेब, माझं नाव अजून कुठं कुठं आहे?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. चूक माझी होती. पेटी बांधणाऱ्या कारकुनाची नव्हे, कारण सही माझी बाकी होती.

इव्हान्स गांजा बाळगत होता, हेरिंगकडे पिस्तूल होते. म्हणून त्यांची कहाणी कोर्टापर्यंत पोचली. ज्याच्या खिशात काहीच सापडले नाही, तो एक रात्र कोठडीत काढून घरी जातो आणि त्याचा खटला इतिहासात येत नाही.

आणि मुळात ही वॉरंटे निघतात कशावर? फार वेळा पैशावर. टेक्ससमधल्या ह्यूस्टनच्या प्रेस्टन टेटला वाहतुकीच्या गुन्ह्यांत ४२५ डॉलर दंड झाला. भरायला पैसे नव्हते, म्हणून रोज पाच डॉलर वजावटीच्या हिशेबाने त्याला ८५ दिवसांसाठी कैदी शेतावर पाठवले. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केवळ गरिबीमुळे दंडाची कैद करता येणार नाही. निकाल एकमताचा होता. तरी वाट उरलीच, कारण हजर न राहणे हा वेगळा विषय. खिशात पैसे नसलेला माणूस कोर्टाच्या तारखेला घाबरून जात नाही, न गेल्यामुळे वॉरंट निघते, वॉरंटमुळे तो आणखी लांब पळतो. सेंट लुइस काउंटीतल्या फर्ग्युसन गावाचा न्याय खात्याचा अहवाल मार्च २०१५ मध्ये आला. वस्ती सुमारे २१ हजार, आणि वॉरंट असलेले लोक १६ हजार! सगळे गावचे रहिवासी नव्हते, जाणारे-येणारेही त्यात होते. पण दंड हे त्या गावच्या तिजोरीचे उत्पन्न होऊन बसले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या नव्या न्यायाधीशाने २०१४ अखेरपर्यंतची सगळी अटक वॉरंटे एका हुकमाने मागे घेतली.

वॉरंटाची दुसरी बाजू मी वर्दीतला माणूस म्हणून विसरणार नाही. २००० साली ओहायोतल्या क्लीव्हलँडमध्ये वेन लिऑन या पोलीस अधिकाऱ्याने एक गाडी थांबवली. आतला माणूस फरार होता, त्याने गोळी झाडली, लिऑन मेला. पळणारा माणूस कोपऱ्यात सापडला की काय करील याचा नेम नसतो. या प्रसंगानंतर तिथल्या यूएस मार्शलने विचार केला की लोकांना पकडायला जाण्याऐवजी त्यांना यायला जागा द्यावी. २००५ च्या ऑगस्टमध्ये एका चर्चमध्ये चार दिवस न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचे वकील आणि कारकून टेबले मांडून बसले. आठशेहून अधिक लोक आपण होऊन आले. फार थोड्यांना तिथून तुरुंगात नेले, बाकीचे निकाल किंवा नवी तारीख घेऊन घरी गेले. कोर्टाच्या इमारतीत पाऊल टाकायला न धजणारी माणसे चर्चच्या दारात रांग लावतात, ही गोष्ट मला एखाद्या लढाईच्या नकाशापेक्षा जास्त शिकवून गेली.

आज तिकडे आपल्या नावाचे वॉरंट शोधणे पूर्वीइतके अवघड नाही. मुलीकडे ॲरिझोनात असताना तिच्या ऑफिसातल्या एका नागपूरच्या मुलाचे प्रकरण जवळून पाहिले. वेग फार वाढला होता. त्या राज्यात ठरावीक मर्यादेपलीकडचा वेग हा फौजदारी गुन्हा आहे. त्याने घर बदलले, तारीख डोक्यातून गेली. पुढे कोर्टाच्या संकेतस्थळावर त्याने स्वतःचे नाव टाकले आणि हबकलाच. मला म्हणाला, “काका, आता शेरीफला फोन करून विचारू का?” मी म्हटले, आधी वकील. कारण काही कचेऱ्यांत विचारायला गेलेल्या माणसालाच ताब्यात घेतात. वकिलाने वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दिला, पत्ता बदलल्याचा पुरावा जोडला. न्यायाधीशाने वॉरंट मागे घेतले आणि नवी तारीख दिली. आपण होऊन आलेल्याकडे न्यायाधीश वेगळ्या नजरेने बघतो, हे वकिलाचेही म्हणणे होते. तो मुलगा पुढे निघाला, तर मी त्याला थांबवले आणि रद्द हुकमाची शिक्क्याची नक्कल खिडकीवरून घ्यायला लावली. ती त्याच्या गाडीच्या खणात आहे. शेजारच्या दोन काउंट्यांतली नावेही त्याला तपासायला लावली.

त्या जवानाची नि माझी पुढे एकदा भेट झाली. माजी सैनिकांच्या मेळाव्यात, तो हवालदार होऊन पेन्शनवर गेल्यानंतर. जेवताना त्याने पाकीट उघडले आणि प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक घडीचा कागद दाखवला. रोल रद्द झाल्याचे पत्र, खाली माझी सही, तारीख एक वर्ष उशिराची. घड्यांवर शाई पुसट झाली होती. मी म्हटले, “अरे, आता कशाला ठेवतोस?” तो म्हणाला, “असू द्या साहेब,” आणि कागद परत पाकिटात ठेवला.